एकमताचा दात

आमच्या डॉक्टरांना माणसाचं नाव लक्षात राहत नसे, आणि चेहरा त्याहूनही नाही. लक्षात राहायचं ते तोंड, तेही आतून. भर बाजारात तहसीलदार समोरून नमस्कार करत आले की हे भिंतीकडे पाहावं तसे त्यांच्याकडे पाहायचे. तहसीलदार हसले की मात्र वाकून त्यांच्या तोंडात डोकावायचे आणि म्हणायचे, "अरे, खालची उजवी दाढ. काय म्हणते?" विचारपूस दाढेची व्हायची, तहसीलदारांचा नमस्कार हवेत लटकलेला राहायचा. एकदा त्यांचे सख्खे साडू आले आणि दवाखान्याच्या दारात हात पसरून उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, "नंबर घ्या आणि बसा." साडू बिचारे बसले. नंबर आल्यावर खुर्चीत टेकले, तोंड उघडलं, आणि ते उघडल्याबरोबर डॉक्टरांनी त्यांना कडकडून मिठी मारली. मिठीचं मी पदरचं घातलं आहे. बाकी सगळं खरं.

मी त्यांच्याकडे लागलो तोही तोंडामुळेच. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं, आणि नोकरी मागायला गेलेल्या पोराला लोक आधी बापाचं नाव विचारत, मग जात, मग मार्क. डॉक्टरांनी यातलं काहीच विचारलं नाही. बॅटरी मारून माझ्या तोंडात बघितलं आणि म्हणाले, "अक्कलदाढ आली नाही अजून. छान. म्हणजे ऐकशील."

माझं काम चिठ्ठ्या फाडणं, एक्स-रे धुणं आणि बाकावर थरथरणाऱ्या माणसांना धीर देणं. धीर देणं म्हणजे थापा मारणं, आणि त्या कलेत मी मंगरूळपीरपासून रिसोडपर्यंत कोणाला हार गेलो नाही. चौथं काम वीज गेली की सुरू व्हायचं. दात कोरायचं जुनं यंत्र पायानं चालायचं, शिलाई मशीनसारखं. ते मी मारायचो. त्या वर्षांत वीज इतकी जायची, की मी पायानं मारलेलं अंतर जोडलं तर माणूस काशीला जाऊन परत येईल.

दवाखान्यावर दंतवैद्य अशी पाटी नव्हती. 'येथे खाणे परत मिळते' अशी होती, डॉक्टरांनी स्वतः रंगवून घेतलेली. सुरुवातीला लोकांचा घोळ व्हायचा. एक एसटीचा कंडक्टर घाईघाईनं जिना चढून आला आणि कचोरी आहे का म्हणाला. डॉक्टरांनी त्याला बसवला, तोंड पाहिलं आणि दोन दाढा काढून पाठवला. कचोरी त्याला पुढं वर्षभर चावता आली नसेल.

पण पाटीमागं विचार होता, आणि तो खुळा नव्हता. डॉक्टर म्हणायचे, "रोगी दातासाठी येत नाही. दात घेऊन काय करायचंय त्याला? तो खाण्यासाठी येतो." म्हणून नवा रोगी खुर्चीत बसला की कुठं दुखतं हे नंतर, आधी एकच प्रश्न, "काय खायचंय?" उत्तर एकाच पदार्थाचं द्यायचं. दोन सांगितले तर डॉक्टर रागवायचे, म्हणायचे, दोन ध्येयांचा माणूस उपाशी मरतो. तो पदार्थ खडूनं खुर्चीवरच्या पाटीवर लिहिला जायचा, आणि काम पूर्ण होईपर्यंत त्या रोग्याची ओळख तीच. रिठदची एक म्हातारी आमच्याकडे सबंध उन्हाळा 'कडक भाकर' म्हणून येत होती. तिचं खरं नाव मला आजही माहीत नाही.

रोज सकाळी दार उघडायच्या आधी आम्ही सगळे खुर्चीभोवती उभे राहायचो. सगळे म्हणजे चौघं. डॉक्टर, मी, विमलताई आणि गुलाबराव. विमलताई धनजच्या. त्यांच्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि पहिलं काम केलं ते पोरीला नर्सिंगला घालण्याचं. औजारं उकळणं, रोग्याचं डोकं धरणं आणि डॉक्टरांना वेळेवर जेवायला लावणं ही तिन्ही कामं त्या सारख्याच दमदाटीनं करायच्या. गुलाबराव मूळचे सोनार. सोन्याचा धंदा बसला तेव्हा कवळ्या करायला शिकले. हात बारीक, तोंड मोठं, आणि त्यात सदा तंबाखू. दुसऱ्यांचे दात घडवणाऱ्या या माणसाचे स्वतःचे दात विटेच्या रंगाचे होते.

चौघांनी एकेक हात खुर्चीवर ठेवायचा. डॉक्टर पाटीवरचा पदार्थ वाचायचे आणि विचारायचे, "एकमत?" प्रत्येकानं "हो" म्हणायचं. एकानं जरी "नाही" म्हटलं तर त्या दिवशी ते काम व्हायचं नाही. हा त्यांचा कायदा. मुंबईच्या बड्या दवाखान्यांत काय चालतं ते मला ठाऊक नाही, पण वाशीमच्या त्या दोन खोल्यांत झाडू मारणाऱ्यापासून डॉक्टरपर्यंत, म्हणजे माझ्यापासून डॉक्टरपर्यंत, प्रत्येकाला माहीत असायचं की आज आपण कोणाला काय खायला घालणार आहोत.

आणि ते चालायचं, हे सांगायलाच हवं. कडूपणाच्या नादात खोटं कशाला बोलू. रिठदच्या म्हातारीची कवळी तयार झाली तेव्हा गुलाबरावांनी ती आधी बिजागरीवर लावून विमलताईंच्या घरच्या भाकरीवर चालवून पाहिली. टेबलावर कवळी एकटीच कटाकटा भाकर चावते आहे आणि आम्ही चौघं देवाची आरती पाहावी तसे भोवती उभे. मग म्हातारी आली. खुर्चीत बसून तिनं अख्खी भाकर कोरडी खाल्ली आणि रडली. डॉक्टरांनी पाटी पुसली आणि म्हणाले, "झालं." त्या एका शब्दासाठी आम्ही बिनपगारी राबलो असतो.

तेव्हा "नाही"लाही मान होता. साखरेची बीमारी असलेल्या एका म्हाताऱ्याच्या सगळ्या दाढा एकदम काढायचं ठरत होतं. विमलताई म्हणाल्या, "नाही. माहं मन नाही घेत." डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला, म्हाताऱ्याला साखर उतरवायला परत पाठवलं आणि संध्याकाळी विमलताईंच्या घरी पेढे नेऊन दिले. असाही तो माणूस होता.

मग ते मुंबईला गेले आणि स्क्रू घेऊन आले.

कुठल्याशा परदेशी पाहुण्याची शिकवणी होती. चार दिवसांसाठी गेले आणि परत आले ते वेगळेच. खिशात काडेपेटीएवढी डबी, डबीत कापूस, कापसात कुठल्याशा परदेशी धातूचे इवलेसे स्क्रू. म्हणाले, जबड्याच्या हाडात हा बसवायचा, हाडाला तो धरू द्यायचा आणि मग त्याच्यावर दात. काढायचा नाही, घालायचा नाही, रात्री पेल्यात ठेवायचा नाही. देवानं दिल्यासारखा. गुलाबराव डबीत वाकून बघत म्हणाले, "म्हंजे सुताराचं काम झालं हे." डॉक्टर हसले नाहीत. ती डबी ते जेवतानाही ताटाशेजारी ठेवत. त्यांच्या बायकोनं विमलताईंना सांगितलं म्हणे, की मंगळसूत्र हरवलं तर हे शोधणार नाहीत, पण ही डबी हरवली तर घर खणतील.

तेव्हापासून सकाळच्या "एकमत?"चा सूर बदलला. आधी तो प्रश्न होता. आता ती हाक झाली, हजेरी घेतात तशी. "नाही" म्हणायची मनाई नव्हती, पण म्हणणाऱ्यानं कारण द्यायचं, आणि ते कारण पाटीवरच्या पदार्थाला धरून असलं पाहिजे. बाकी सगळं 'फाटे'. फाटे फोडणाऱ्याकडे ते अशा नजरेनं पाहत, की त्याच्या तोंडातला चांगला दातही दुखायला लागावा.

अशात शेलूबाजारचे सुदाम मास्तर आले.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, बँडचे. क्लॅरिनेट वाजवायचे. आता मी थापाड्या म्हणून या भागात प्रसिद्ध आहे, तरी हे ऐकाच. मास्तरांनी मुलीच्या पाठवणीची धून धरली की वऱ्हाडातले पुरुष बिडी पेटवायच्या निमित्तानं मांडवामागं जायचे, कारण डोळ्यांत पाणी आलेलं दिसू नये. एका लग्नात नवरदेवाची घोडी जागेवर बसली आणि धून संपेपर्यंत उठली नाही. घोडीचं मला लोकांनी सांगितलं. पुरुषांचं मी पाहिलं आहे. त्यांच्यातला एक मीच होतो.

लग्नसराईच्या अखेरच्या महिन्यात बँडवाले जीपमध्ये कोंबून परत येत होते. शेलूबाजारच्या वळणावर जीपनं बैलगाडी वाचवली आणि मास्तरांचा वरचा पुढचा दात जीपच्या दांडीवर राहिला. गुलाबरावांनी त्यांना काढघालीचा दात करून दिला. दिसायला झकास, पण क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकतं, जोरात फुंकलं की दात हलायचा. एका वरातीत तो सुटला आणि पुढं नाचणाऱ्या नवरदेवाच्या मामाच्या फेट्यात जाऊन बसला. मामा सबंध वरात तो दात डोक्यावर घेऊन नाचला, आणि मास्तर उघड्या फटीतून फसफसत वाजवत राहिले.

म्हणून मास्तर पक्का दात मागायला आले. पावसाळा तोंडावर होता, चार महिने लग्नं बंद, हाडाला भरपूर वेळ. डॉक्टरांच्या डोळ्यांत दिवाळी उतरली. मास्तरांना खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "काय खायचंय?"

"खाण्याचं काई नाई जी, मी त..."

"एक सांगा."

मास्तरांनी इकडं तिकडं पाहिलं. खिडकीतून रस्त्यापलीकडचा रसवाला दिसत होता, त्याच्या गाडीला मोळी टेकलेली. मास्तर म्हणाले, "मंग ऊस लेहा."

पाटीवर ऊस लिहिला गेला.

स्क्रू बसवायच्या सकाळी आम्ही खुर्चीभोवती उभे राहिलो. मास्तर खुर्चीतच होते, वहाणा काढून, देवळात बसल्यासारखे. डॉक्टरांनी वाचलं, "ऊस." तेवढ्यात गुलाबराव म्हणाले, "साहेब, हा बाजेवाला हाय ना. माह्या पोराच्या लग्नात यालेच सांगून ठेवलं मी."

डॉक्टर म्हणाले, "अहो, बाजा तोंडानं खातात का?"

आम्ही हसलो. मास्तर सगळ्यात मोठ्यानं हसले, खिंडार दिसू नये म्हणून तोंडावर हात धरून.

"नाई जी," गुलाबराव म्हणाले.

"मग ध्येय काय आपलं?"

"ऊस."

"एकमत?"

सगळे हो म्हणाले. मास्तरांना कोणी विचारलं नव्हतं, तरी तेही मान हलवून "व्हय जी" म्हणाले.

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. वाटणार तरी कसं? ज्या दातानं ऊस सोलता येतो त्यानं काय वाजवता येणार नाही? दात पक्का झाला म्हणजे झालं. वाशीमपासून कारंज्यापर्यंत कोणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

आणि काम काय झालं म्हणता. अर्ध्यात वीज गेली. विमलताईंनी एका हातानं बॅटरी धरली, दुसऱ्यानं थुंकी ओढायची नळी. गुलाबरावांनी मास्तरांचं डोकं छातीशी असं धरलं, की मास्तर पुढं दोन दिवस तंबाखूचा वास येतो म्हणत होते. मी यंत्र मारत होतो. डॉक्टर नुसते "हळू" म्हणायचे की माझा पाय हळू, "हं" म्हणायचे की जोरात. त्या तासाभरात चौघांत मिळून एकच माणूस होता आणि त्याला आठ हात होते. पोळ्याला सजवलेल्या बैलजोड्या पाहिल्या आहेत मी, पण असं एका दमानं ओढणारी जोडी पाहिली नाही. स्क्रू बसला तेव्हा डॉक्टरांनी घाम पुसला आणि आमच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी सख्ख्या भावंडांकडे पाहावं. त्यांनी नावानं हाक मारली मला, त्या दिवशी एकदाच. चुकीच्या नावानं, पण मारली.

पावसाळाभर मास्तर दर बाजाराला येऊन हिरडी दाखवून जायचे. दिवाळीत दात चढला. तुळशीच्या लग्नाला गावभर ऊस आला, त्यातला एक अख्खा ऊस डॉक्टरांनी स्वतः विकत आणला. मास्तरांनी तो दोन्ही हातांत उभा धरला, टोक तोंडाशी नेलं आणि पुढच्या दातानं साल अशी काढली, की तिचा चर्र आवाज रस्त्यापर्यंत गेला. फोटोवाला बोलावलेला होता. फोटोत मास्तरांनी ऊस जसा धरला आहे तसा माणूस एकच वस्तू धरतो, आणि ती ऊस नव्हे. पण तेव्हा आम्हाला तो फोटो खाण्याचाच दिसला. डॉक्टर म्हणाले, "झालं." पाटी पुसली. फोटो अकोल्याला दातांच्या डॉक्टरांच्या बैठकीत गेला, तिथं टाळ्या पडल्या, हार पडला. तो हार डॉक्टरांनी घरी नेला नाही, दवाखान्याच्या खुर्चीला घातला. वाळेपर्यंत रोगी त्या हारात मान घालून बसायचे.

लग्नसराई सुरू झाली आणि मास्तर परत आले. या वेळी पेटी बरोबर होती. तोंड सुकलेलं.

"साहेब, वाजून नाई राह्यलं."

डॉक्टरांनी दात ठोकून पाहिला. टणक. "हलतो?"

"हलत नाई, तेच त झालं ना. आंगचा दात जरासा दबते जी, गादीवानी. हा काई दबत नाई. सूर लावला का सारा आवाज दातातून हाडात अन हाडातून डोक्यात. मस्तकात भुंगा शिरल्यावानी होते. ढोल कुठी हाय, ताशा कुठी हाय, काई आयकू येत नाई. मी एकीकडे, बँड एकीकडे. परवा लोकं हासले मले."

"ऊस खाता येतो?"

"येते."

"भुट्टा?"

"येते ना साहेब. समदं खाता येते. खाण्याचं कोण मनून राह्यलं? हे काढून टाका. पह्यलेवानी फटीतून फुंकीन. फसफस करत काहून होईना, पण वाजवीन."

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. मग म्हणाले, "सगळे या." भरदुपारी, रोगी बाकावर बसलेले असताना, त्यांनी सभा घेतली. मास्तरांनाही खुर्चीवर हात ठेवायला लावला. म्हणाले, "आज रोगीही आपल्यातलाच. बोला एकेक. काढायचा?"

मास्तर म्हणाले, काढा. विमलताई म्हणाल्या, काढा. गुलाबरावांच्या पोराची तारीख ठरलेली, ते दोनदा म्हणाले. मीही म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, "माझं नाही. एकमत होत नाही. विषय संपला."

विमलताईंनी हात काढला. "साहेब, त्याची रोजी हाय ते."

"ताई, हा दात हाडानं धरलाय. अख्ख्या विदर्भात असा धरलेला दात नाही. ठरवलेलं ध्येय पूर्ण झालं. आता उद्या हा म्हणेल मला पोहायचं होतं, परवा म्हणेल शिट्टी वाजवायची होती. अशी रोज नवी ध्येयं काढायची तर आपण एकत्र कशाला आलो?"

मास्तरांनी वाद घातला नाही. पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं आणि त्या औषधाच्या वासाच्या खोलीत तीच पाठवणीची धून धरली. मला वाटतं, ऐकलं म्हणजे कळेल, असं त्यांच्या मनात असावं. सुरुवातीचे दोन सूर बरे आले. मग वाद्य असं किंचाळलं, की बाकावरची एक बाई कानांवर हात ठेवून जिन्याकडे गेली. मास्तर थांबले नाहीत. डोळे मिटून, कपाळाच्या शिरा टरारून, शेवटपर्यंत वाजवलं. धून कुठं गेली ते त्यांनाही कळत नव्हतं. कुत्र्याची शेपटी दारात सापडावी तसं काहीतरी खोलीभर फिरत होतं.

वाजवणं संपलं. डॉक्टरांचा चेहरा उजळला होता.

"छान वाजलं की," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. खरोखरच त्यांना छान वाटलं होतं. इतकी वर्षं मी त्या माणसाबरोबर काढली, पण त्यांना सुरातलं काहीएक कळत नाही हे मला त्या दुपारी कळलं. पीठगिरणी आणि भजन त्यांच्या कानांना सारखंच.

विमलताईंनी विचारलं, "तुमाले आयकू येते का साहेब?"

"दात हलला का वाजवताना?" डॉक्टर उलट म्हणाले. "नाही ना? मी त्याच्याकडेच पाहत होतो."

मास्तरांनी क्लॅरिनेट पुसलं, तुकडे पेटीत ठेवले आणि सगळ्यांना हात जोडून गेले. आधी ते अकोल्याला एका दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तोंड पाहिलं आणि आनंदानं ओरडलेच, हाच का तो उसाचा फोटो. घरातल्या सगळ्यांना बोलावून दात दाखवला, चहा पाजला आणि असा दात काढायला माझा हात धजणार नाही म्हणून परत पाठवलं. दोन बड्या माणसांनी नाही म्हटल्यावर मास्तर आठवडी बाजारात गेले. तिथं एक दात काढणारा सतरंजी टाकून बसायचा, समोर उपटलेल्या दातांचा ढीग, जितका ढीग मोठा तितकी नावाची किंमत. त्यानं पकड लावली. स्क्रू येईना. त्यानं मास्तरांच्या छातीवर गुडघा ठेवला आणि जोर केला.

आला. एकटा नाही आला. महिन्याभरात शेजारचे दोन दातही हलून पडले आणि वरचा ओठ आत बसला. क्लॅरिनेट टेकवायला जागाच उरली नाही. हे आम्हाला शेलूबाजारच्या एका रोग्यानं सांगितलं. विमलताईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं, हात धुतले आणि घरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. पुढं त्या सरकारी दवाखान्यात लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीवर तीनच हात होते. डॉक्टरांनी पाटी वाचली आणि विचारलं, "एकमत?" आम्ही दोघं हो म्हणालो. तिघांत एकमत लवकर होतं.

गुलाबरावांच्या पोराचं लग्न वैशाखात झालं. बँड शेलूबाजारचाच, दिलेला शब्द गुलाबरावांनी मोडला नाही. क्लॅरिनेटला कारंज्याकडचा एक माणूस होता, आणि तो वाईट वाजवत नव्हता, हे त्यातलं जास्त वाईट. सुदाम मास्तर मागच्या रांगेत झांज वाजवत होते. तोच लाल कोट, तीच पितळी बटणं. झांज वाजवणाऱ्याला तोंड लागत नाही.

पंगत बसली. पहिल्या पंगतीला डॉक्टर, मानाच्या पाटावर. बँडवाल्यांची पंगत शेवटची, पण मास्तर मध्येच उठून आले आणि डॉक्टरांसमोर उकिडवे बसले. मी डॉक्टरांच्या शेजारी होतो. गुलाबराव तुपाची वाटी घेऊन वाढायला वाकलेले, तसेच राहिले.

मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून पुरचुंडी काढली, सोडली आणि त्यातलं काय ते डॉक्टरांच्या पत्रावळीवर, वरणभाताच्या कडेला ठेवलं. स्क्रू होता. त्याला बोराच्या बीएवढा हाडाचा तुकडा चिकटलेला, पांढरा, वाळलेला.

"तुमचं तुमच्यापाशी ठेवा, साहेब," मास्तर म्हणाले. पुढचे दात नसल्यानं शब्द फुटून येत होते, पण कळत होते. "माह्या काई कामाचं नाई."

माझा घास हातात राहिला. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. काही नाही तर मान खाली घालेल. तेवढंही पुरलं असतं. मास्तर त्यासाठीच आले होते, ते काही भांडायला आलेले नव्हते.

डॉक्टरांनी डाव्या हातानं तो स्क्रू उचलला. मांडवाच्या फटीतून ऊन येत होतं, त्यात धरला. नखानं हाडाचा तुकडा सोडवायचा प्रयत्न केला. सुटला नाही. पुन्हा केला, सुटला नाही. आणि त्यांचा चेहरा असा फुलला, जसा मी त्याआधी किंवा नंतर कधी पाहिला नाही.

"बघा," ते म्हणाले. मला म्हणाले, गुलाबरावांना म्हणाले, मग पलीकडे बसलेल्या वकिलांना म्हणाले. "हाड तुटलं, पण सोडलं नाही यानं. बघा कसं धरलंय."

स्क्रू हातोहात पंगतीत फिरायला लागला. कोणी म्हणालं, वा. कोणी म्हणालं, विज्ञान आहे बुवा. मास्तर थोडा वेळ तसेच उकिडवे बसून राहिले, आपल्या जबड्याचा तुकडा या हातातून त्या हातात जाताना पाहत. मग बाहेरून कोणीतरी झांजवाल्याला हाक मारली, तसे ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि गेले.